अळणी ताट

“हिच्या ताटाकडे लक्ष ठेव, दर्शना. ही देवाशी खोटं बोलायची नाही, पण जेवणाखाण्याच्या बाबतीत सगळ्या घराला फसवील.”

मार्गशीर्षात, खोकल्याची एक उबळ गेली आणि दुसरी यायची होती, तेवढ्यात श्यामरावांनी सुनेला आपल्या बायकोबद्दल हे सांगितलं होतं. “ठेवीन, बाबा,” म्हणून तिने त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. तिसऱ्या दिवशी ते गेले. मांडवीतल्या त्या घरात मागे राहिल्या आनंदीबाई आणि दर्शना. मुलगा मुकुल बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात.

आनंदीबाईंचं आयुष्य व्रतांनी विणलेलं होतं. लग्न होऊन आल्या त्याच वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा सासूचे उरलेले सोमवार ह्या नव्या नवरीने आपल्या अंगावर घेऊन पुरे केले होते. “घरातलं माणूस आजारी पडलं तर व्रत नाही आजारी पडत. दुसऱ्याने उचलायचं,” असं त्या सांगत. श्यामराव थट्टा करायचे, “आमच्याकडे कॅलेंडर लागत नाही. चुलीवर काय शिजतंय ते बघितलं की तिथी कळते.”

ते गेले, सुतक फिटलं, तरी आनंदीबाईंनी देवासमोरचा दिवा लावला नाही. जेवण नाही, झोप नाही, कुणाशी शब्द नाही. दर्शनाला त्या न लागलेल्या दिव्याचीच जास्त भीती वाटली. वैशाखात मुकुल सुट्टीवर आला, त्याने आईला गावातल्या मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रोज सकाळी अर्धी गोळी लिहून दिली. महिनाभरात आनंदीबाई उठल्या, न्हायल्या, दिवा लावला. गोळीने गुण दिला, हे कुणीही नाकारलं नसतं. मुकुल निश्चिंत मनाने बोटीवर परतला.

मग देवशयनी एकादशी आली. संध्याकाळी आनंदीबाईंनी दर्शनाला देवघरात बोलावलं. समोर ताम्हन, पळी, तुळशीचं पान.

“दर्शना, माझे डोळे आटले गो.”

“म्हणजे काय आई? दिसत नाही?”

“दिसतंय सगळं. रडू येत नाही. आरतीला उभी राहते, तोंड म्हणतं, आत काहीच हलत नाही. ह्यांच्या फोटोला हार घालते ते खुंटीला घातल्यासारखं. गोळीने झोप आली, भूक आली, ते खरं. पण देवासमोर असं कोरडं किती दिवस उभं राहायचं?”

“डॉक्टरांना सांगू या ना तसं.”

“काय सांगू? मला रडायचंय म्हणून? हसतील मेले.” आनंदीबाईंनी पळीत पाणी घेतलं. “मी चातुर्मास अळणी धरत्ये. चार महिने मीठ नाही. सैंधवसुद्धा नाही. देव माझं पाणी मला परत देईल. माझं वेगळं शिजव. आणि ह्याची वाच्यता नको. मुकुलला नाही, शेजारी नाही, डॉक्टरला तर नाहीच नाही. बोललीस तर माझं व्रत तू मोडलंस. धर हात पुढे.”

दर्शना घुटमळली. पण बीपीचे डॉक्टर गेली दहा वर्षं सांगत होते, मीठ बेताने खा. देवाचं आणि डॉक्टरचं एकमत आहे, तर बिघडायचं काय, असं तिच्या मनात आलं. तिने हात पुढे केला. पळीतलं पाणी तिच्या तळहातावरून ताम्हनात पडलं.

दुसऱ्या दिवसापासून एक छोटं पातेलं वेगळं झालं. मीठ सोडायचं म्हणजे नुसतं वरून घालायचं नाही, एवढंच नसतं. पापड गेला, लोणचं गेलं, खारवलेल्या कैऱ्या गेल्या. आमसुलंही मिठातच वाळवलेली, म्हणून सोलकढी गेली. उरली पेज, मऊ भात, दूध आणि पडवळाची नुसती उकडलेली भाजी. आनंदीबाई ते ताट हसतमुखाने संपवायच्या. गोळीने तोंडाला कोरड पडायची, म्हणून तांब्या कायम उशाशी. दिवसाकाठी पाच-सहा तांबे पाणी पोटात जाई. दर्शना ताट बघायची, रिकामं दिसायचं. बाबांना दिलेला शब्द पाळला जातोय, असंच तिला वाटत होतं.

पंधरवडा बरा गेला. मग एके सकाळी आनंदीबाई चूळ भरून तशाच मोरीपाशी बसून राहिल्या. मळमळतंय म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी डोकं जड. लाख वातींचा त्यांचा नेम होता, शंभर वातींची जुडी बांधून ठेवायच्या. दर्शनाने सहज एक जुडी हातात घेतली तर ती फारच बारीक लागली. मोजल्या. त्रेचाळीस निघाल्या. दुसरीत एकोणीस. एका जुडीत वातीच नव्हत्या, नुसता दोरा गुंडाळून गाठ मारलेली.

नागपंचमीला त्यांनी पाटावर गंधाने नाग काढायला घेतला. ह्या घरात पाच फण्यांचा नाग त्याच काढत आल्या होत्या, हात कधी अडला नव्हता. तीन फणे काढून त्या थांबल्या. काडी तशीच हवेत.

“अजून किती गो?”

“पाच ना आई. अजून दोन.”

“दोन,” त्या म्हणाल्या आणि काडीकडे बघत राहिल्या. गंध वाळून गेलं. शेवटचे दोन फणे दर्शनाने काढले. ते वाकडे आले, पण आनंदीबाईंनी नावं ठेवली नाहीत. एरवी एक वाकडी रेघ त्या खपवून घेत नसत.

अंगणाच्या गडग्यापलीकडच्या, शेजारच्या मनस्विनीकाकूंनी धीर दिला, त्यांच्या पद्धतीने. “वय झालं गो. आमच्या सासूबाई शेवटी शेवटी मांजरीलाच सून समजून चहा मागायच्या. मला सुटल्यासारखं वाटायचं. मांजर तरी उलट बोलत नसे.”

“तसं नाही काकू. महिन्यापूर्वी ह्या मला हिशेबात पकडत होत्या.”

“अगो, असंच असतं ते. दिवा विझताना दिसतो का कुणाला?”

दर्शना आनंदीबाईंना मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण, बोलायला मऊ, बाहेर चाळीस माणसं खोळंबलेली.

“जेवण कसं आहे?”

“ताट संपवतात.”

“गोळ्या वेळेवर?”

“एकही चुकत नाही.”

“दुसरं काही औषध चालू?”

“बीपीचं. पांढरी, बारीक गोळी असते.”

“नाव?”

दर्शनाला नाव सांगता येईना. बीपीची गोळी दहा वर्षं श्यामराव स्टँडजवळच्या दुकानातून आणायचे. तो कागद त्यांच्या हिरव्या पिशवीत, आणि ती पिशवी घरी खुंटीला. ह्या डॉक्टरांचे कागद नव्या निळ्या पिशवीत. निळी तेवढी बरोबर आणलेली.

“पुढच्या वेळी घेऊन या,” डॉक्टर म्हणाले. “बोलणं मंदावलंय, लक्ष लागत नाही. उदासी पुन्हा डोकं वर काढत्ये असं दिसतं. अर्धी होती ती आता आख्खी द्या. आणि काही सांगण्यासारखं?”

दर्शनाने तोंड उघडलं. शेजारच्या खुर्चीवर आनंदीबाई मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त आपला हात उचलून दर्शनाच्या उजव्या तळहातावर ठेवला, जिथून पाणी पडलं होतं बरोबर तिथे.

“नाही,” दर्शना म्हणाली.

त्या आठवड्यात मुकुलचा फोन आला. आवाज तुटत होता, मागे इंजिनाची घरघर. “आई बरी आहे ना?”

“वयाप्रमाणे,” दर्शना म्हणाली, आणि मनस्विनीकाकूंचा शब्द आपल्या तोंडून निघालेला ऐकून तिचं तिलाच कसंसं झालं.

आख्खी गोळी सुरू झाल्याला पाचवा दिवस. पावसाने उघडीप दिली होती, अंगण कोरडं होतं. आनंदीबाई तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि बसावं तशा खाली कोसळल्या. पाय घसरला नाही, कशाला अडखळल्या नाहीत. दर्शना धावत गेली तर त्या तुळशीच्या कट्ट्याला टेकून शांत बसलेल्या. मनगट सुजायला लागलं होतं, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

“डोक्याला लागलं का आई?”

“पाट मांड गो लवकर,” त्या हळूच म्हणाल्या. “ह्यांची पूजा झाली. भूक लागल्ये म्हणतात.”

त्या बघत होत्या ओटीच्या दाराकडे. दर्शनानेही नकळत तिकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. आनंदीबाई मात्र तिथे बघून पदर सारखा करत होत्या.

मनस्विनीकाकूंच्या मदतीने तिने त्यांना आत आणून निजवलं. काकूंना उशाशी बसवून ती मनगटासाठी दुखण्याची गोळी आणायला निघाली. बीपीच्या गोळ्याही संपत आल्या होत्या. स्टँडपर्यंत जायला वेळ नव्हता, म्हणून दोन्ही पिशव्या घेऊन ती कोपऱ्यावरच्या भिकाजीकाकांच्या औषधाच्या दुकानात गेली. हिरवी पिशवी त्या दुकानाची पायरी पहिल्यांदाच चढत होती.

“दुखण्याची एखादी गोळी द्या काका. आणि ह्यातली ही बीपीची, महिन्याची.”

भिकाजीकाका चष्मा कपाळावर चढवून औषध वाचत. बोलायला तिखट. “एखादी म्हणजे? हे काय पेपरमिंट आहे? कुणासाठी?”

“सासूबाई पडल्या.”

“वय काय? चालू काय काय आहे? सगळं काढा.”

त्यांनी हिरव्या पिशवीतला कागद काचेवर पसरला. मग निळ्या पिशवीतला त्याच्या शेजारी. बराच वेळ ते एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला त्यांनी हातानेच थांबायला सांगितलं.

“हे दोन कागद आजवर एकमेकांना भेटलेत का?”

“नाही,” दर्शना म्हणाली.

“तेच म्हणतो.” त्यांचा आवाज खाली आला. “दुखण्याची गोळी मी देत नाही. ह्या औषधांबरोबर तीही वाटेल ती चालत नाही. आता ऐका. ही बीपीची गोळी लघवीवाटे पाणी काढते, त्याच्याबरोबर मीठही काढते. ही दुसरी, मनाची. म्हाताऱ्या माणसांत कधी कधी ती शरीराला पाणी धरून ठेवायला लावते. दोन्ही गोळ्या आपापल्या जागी चांगल्या. पण दोन्हींची गाठ पडली की रक्तातलं मीठ पातळ होत जातं. मळमळतं, डोकं दुखतं, माणूस बरळतो, चालता चालता पडतो. घरचे म्हणतात वय झालं. डॉक्टर म्हणतात उदासी वाढली. रक्तातलं सोडियम कधी तपासलंत?”

“नाही.”

“पाणी फार पितात?”

“फार.”

“आणि जेवणात मीठ?”

दर्शनाने काचेखाली मांडलेल्या खोकल्याच्या बाटल्यांकडे बघितलं. तळहाताला घाम आला होता. तो तिने पदराला पुसला.

भिकाजीकाकांनी दोन्ही कागदांची एकत्र घडी घातली. “वहिनी, मी चाळीस वर्षं ह्या काचेमागे उभा आहे. चातुर्मासात किती घरांत वेगळं पातेलं चढतं, ते मला ठाऊक नाही असं समजू नका. माझ्या आईनेही सोडलं होतं. मी विचारत नाही. नुसतं सांगतो. ह्या दोन गोळ्या चालू असताना मीठ बंद झालं, तर जाणारं जातं आणि येणारं येत नाही. पुढे झटके येतात. माणूस झोपतं ते उठत नाही.”

“मग घरीच मीठ सुरू केलं तर? गोळी बंद केली तर?”

“दोन्ही नको! गोळी आपल्या मनाने तोडू नका आणि मीठही चमचाचमचा पाजू नका. फार उतरलेलं घाईने भरलं तर मेंदूला मार बसतो. ते काम दवाखान्यात, रक्त बघत बघत, हळूहळू. दोन्ही कागद घेऊन जा आणि जे ताटात आहे ते सांगा. आज. आत्ता. संध्याकाळसुद्धा नको.”

घरी आली तेव्हा मनस्विनीकाकू दारातच उभ्या. “निजल्यात. मघाशी मला सासूबाई म्हणाल्या बघ. पाया पडायला उठत होत्या.” ह्या वेळी काकू हसल्या नाहीत. केरूची रिक्षा बघते, म्हणून त्या नाक्याकडे गेल्या.

चुलीवर सकाळची पेज होती. आईंच्या पोटात काहीच नव्हतं. दर्शनाने वाटीत पेज ओतली आणि तिचा हात आपोआप मिठाच्या बरणीकडे गेला. एका चिमटीने काही भरत नाही, हे ती नुकतीच ऐकून आली होती. तरी घेतली. डॉक्टरांना सांगायला नको, कुणालाच सांगायला नको, नुसतं गुपचूप घालत गेलं तर व्रत मोडल्याचं आईंना कळणारही नाही, आणि दिलेला शब्दही राहील, असलं काहीतरी तिच्या मनात चाललं होतं. चिमूट पेजेत पडली. हात थांबेना, आणखी एक पडली.

तिने आनंदीबाईंना टेकवून बसवलं आणि पळीने पेज पाजायला घेतली. पहिल्या घोटाला ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ह्या बाईला ओटीवर बसून नुसत्या वासावरून कळायचं. “वरणात मीठ पडलं नाही गो,” अशी हाक स्वयंपाकघरात यायची आणि कधी चुकायची नाही. एकतीस दिवस जिने मिठाचा कण जिभेला लावला नाही, तिला पहिल्या घोटात कळायला हवं होतं.

आनंदीबाई प्यायल्या. दुसरा घोट, तिसरा. सगळी वाटी प्यायल्या.

“छान झाल्ये,” त्या म्हणाल्या. “अळणी पेजच गोड लागते.”

दर्शनाने पळी खाली ठेवली. बाहेर माडांच्या झावळ्या हलत होत्या आणि लांबून समुद्र ऐकू येत होता, रोजच्यासारखाच. आनंदीबाईंचं डाव्या हाताचं बोट चादरीवर आपोआप उडत होतं, थांबत होतं, पुन्हा उडत होतं. दर्शनाने ते आपल्या मुठीत धरलं. मुठीतही ते उडत राहिलं.

ताट रिकामं दिसत होतं, म्हणून आपण निर्धास्त राहिलो. ताटात काय नाही, तिकडे बघायचं होतं. बाबा तेच तर सांगत होते.

ती उठली आणि देवघरात गेली. पाय धुतले, पाटावर बसली. बोलावं तर आईंचं व्रत मोडतं. गप्प राहावं तर आई राहत नाहीत. आणि हे लपवून मीठ घालणं तर दोन्हींपेक्षा वाईट, कारण त्यात देवालाही फसवलं आणि आईंनाही. तिला सासूबाईंच्या सासूचे ते सोमवार आठवले. घरातलं माणूस आजारी पडलं तर व्रत दुसऱ्याने उचलायचं. आईंनीच सांगितलेलं, स्वतः केलेलं.

दर्शनाने पळीत पाणी घेतलं, तुळशीचं पान ठेवलं आणि आपलाच उजवा तळहात पुढे धरला.

“आजवरचं आईंचं,” ती पुटपुटली. “ते पुरं मानून घे. आता कार्तिकीपर्यंतचं माझं. मीठ मी सोडलं. आणि हे व्रत आता माझं आहे, तेव्हा मी ते बोलणार. बोलल्याचा दोष लागायचा तो मला लागू दे.”

पाणी तळहातावरून ताम्हनात पडलं. तिने नमस्कार केला. मग खुंटीवरची मोठी कापडी पिशवी काढली आणि हिरवी पिशवी न् निळी पिशवी एकीत एक घालून दोन्ही तिच्यात ठेवल्या. वरती गोळ्यांची पाकिटं, तांब्याऐवजी एक छोटा गडू, आणि आनंदीबाईंचं लुगडं.

दारात रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मनस्विनीकाकूंनी एका बाजूने धरलं, दर्शनाने दुसऱ्या.

“कुठे गो?” आनंदीबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता.

“बाबांनी एक काम सांगितलं होतं आई. ते करायचं राहिलंय.”

“ह्यांनी?” त्यांनी ओटीच्या दाराकडे बघून मान हलवली, जणू तिथून हुकूम मिळाला. “मग चल. थांबायचं कशाला?”

रिक्षात त्यांचं डोकं दर्शनाच्या खांद्यावर आलं. आधी हलकं होतं, मग जड होत गेलं. डोळे अर्धवट उघडे होते, कोरडे. दर्शना पिशवी छातीशी धरून ओठांतल्या ओठांत एकच वाक्य घोळवत होती. आत गेल्या गेल्या, खुर्चीवर बसायच्या आधी म्हणायचं. डॉक्टर, एकतीस दिवस ह्यांच्या पोटात मीठ नाही.

“आई,” तिने हाक मारली.

आनंदीबाईंनी ओ दिली नाही. मुठीतलं बोट तेवढं उडत होतं.

“केरूभाऊ,” दर्शना हळू आवाजात म्हणाली, “जरा लवकर घ्या.”